न गळणारा बूट

रबरी तळव्याचे बूट हल्ली कोणीही घालतं. शाळेतली पोरं घालतात, दुधाचे रतीब घालणारे घालतात, पावसात भिजायची हौस म्हणून येणारे मुंबईकर तर घालतातच. मला त्याचं काही नाही. फक्त कोणी बूट काढून आतला ओला पाय झटकायला लागला, की मी दुसरीकडे बघतो. बायको म्हणते, तुम्हाला त्या बुटांचा अजून राग आहे. राग नाही हो. ती गोष्ट मला अजून नीट उमगलेली नाही, आणि न उमगलेल्या गोष्टीवर करवादणं हा माझा जुना स्वभाव आहे.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीचे ते दिवस. मुंबई-पुणे रस्त्यावर, लोणावळ्याचा बाजार लागायच्या अलीकडे माझं पंक्चरचं दुकान होतं. चार खांबांवर पत्रे, खाली पाण्याचा टब, हवेचा पंप आणि रॉकेलचा स्टोव्ह, एवढाच त्याचा थाट. घाट चढून आलेल्या मोटारी माझ्या दाराशी धापा टाकत थांबायच्या. ट्यूब काढायची, हवा भरायची, टबात बुडवायची आणि बुडबुडा कुठून येतो ते बघायचं. तिथं कानस मारायची, सोल्यूशन लावायचं, कच्च्या रबराचा तुकडा ठेवून शिकंज्यात आवळायचं आणि शेकायचं. हे काम मला छान जमायचं आणि ते जमतं याची मला थोडी घमेंडही होती. बुडबुडा खोटं बोलत नाही, असं मी मोटारवाल्यांना ऐकवायचो. ते मान डोलवायचे, कारण त्यांना घाई असायची.

घर कुसगावात. आम्ही भात लावणारी माणसं, आणि पावसाळ्यात पायात काही घालायची आमच्यात रीतच नव्हती. मृगाच्या आधी वहाणांना करंजाचं तेल पाजायचं आणि चुलीच्या वर, धुरात टांगून ठेवायच्या. त्या एकदम दसऱ्याला खाली यायच्या. तोवर सगळं गाव अनवाणी. पाय भिजायचा, वाळायचा, पुन्हा भिजायचा, आणि त्याकडे कोणी लक्ष देत नसे. बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या की एरंडेल लावायचं आणि गप बसायचं. मीही दुकानात अनवाणीच असायचो. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ इथूनच सुरू झाला. मी बूट करायला बसलो तेव्हा माझ्या पायाला जन्मात कधी बूट लागलेला नव्हता. माझ्या बापाच्या नाही, आज्याच्याही नाही.

माझा थोरला भाऊ रेल्वेत चावीवाला होता. मी त्याला दादा म्हणायचो. रूळ जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या गाड्यांच्या हादऱ्याने सैल होतात. घाटातल्या आपल्या हद्दीत रोज चालत जायचं आणि सैल झालेली चावी हातोड्याने ठोकून बसवायची, हे त्याचं काम. आवाजावरून त्याला सैल चावी कळायची. लाइनीच्या कडेला रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगची चाळ होती, तिथल्या एका खोलीत तो आणि वहिनी राहायचे. सरकारी हातोडा खांद्यावर टाकून चालताना त्याची मान जरा ताठच असायची, आणि मला ते बघायला आवडायचं.

त्या वर्षी उन्हाळा सरता सरता रुळाचा सांधा बदलताना एक जाड लोखंडी पट्टी त्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर पडली. नख गेलं, मांस फाटलं. रेल्वेच्या डॉक्टरांनी मलमपट्टी केली आणि बजावलं की पावसाळाभर जखम कोरडी राहिली पाहिजे. चिघळली तर अंगठा काढावा लागेल, आणि तेवढ्यावर थांबली नाही तर पाय. घरी बसून राहावं तर कामावरून अनफिट ठरणार. अनफिट म्हणजे हातोडा परत करा आणि खोली रिकामी करा.

लोणावळ्याचा पावसाळा आणि कोरडा पाय! इथं चुलीजवळची काडेपेटी कोरडी राहत नाही.

दादा एक दिवस लंगडत दुकानात आला. टबाच्या कडेला टेकला आणि मी ट्यूब बुडवत होतो ते बराच वेळ बघत राहिला.

"तू ह्यातली हवा भायेर जाऊ देत न्हाईस," तो म्हणाला. "मंग पाणी आत येऊ देऊ नगं म्हंजे झालं. आसला एक बूट करून दे मला."

"हवा अडवणं आन् पाणी अडवणं एकच हाय व्हय?"

"हवा बारीक आसती, पाणी जाडं. पाणी तर सोपं पडंल तुला."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर आजही पटतं. त्यात चूक कुठं आहे ते कोणीतरी मला दाखवावं.

पुण्याच्या जुन्या बाजारातून मी पलटणीतले वापरलेले बूट आणले. वरचं चामडं धड होतं, तळवे झिजून गेलेले. टायरचा तुकडा कापून तळाला खिळ्यांनी ठोकला आणि बूट टबात उभा केला. थोड्याच वेळात प्रत्येक खिळ्याच्या तोंडाशी आत पाण्याचा थेंब उभा राहिला. हे कळण्यासारखं होतं. खिळे काढले, मेणाच्या दोऱ्याने तळवा शिवला. तर दोरा पाणी ओढायला लागला, वात तेल ओढते तसा. हेही कळण्यासारखं होतं. इथपर्यंत माझं डोकं बरोबर चाललं होतं, एवढं मी आजही ठामपणे सांगू शकतो.

मग माझ्या लक्षात आलं की तळवा ही खालून चिकटवायची वस्तूच नव्हे. तळवा म्हणजे परात पाहिजे. सपाट बूड आणि भोवती वर उचललेली कड, सगळं एकसंध. पाय परातीत ठेवायचा आणि परात पाण्यातून चालवायची. तळाला टायरचं रबर, कडेला ट्यूबचं मऊ रबर, दोहोंच्या सांध्यावर कच्चं रबर, आणि सगळं शिकंज्यात आवळून शेकायचं. पहिली परात करपली आणि दुकानात असा वास सुटला की एक मोटारवाला न थांबताच पुढे गेला. दुसरी कच्ची राहिली, हातात घेतली तर लोंबायला लागली. स्टोव्ह किती मोठा ठेवायचा, किती वेळ दाबायचं, याचा अंदाज यायला बराच माल वाया गेला. शेवटी एक जमली. रुळांखालच्या ओल्या लाकडी स्लीपरवर गुळगुळीत रबर घसरतं म्हणून बुडाला आडव्या खाचा कापल्या. पलटणीच्या बुटाचं चामडं त्या परातीत बसवून कड बाहेरून चिकटवली. टाका नाही, खिळा नाही.

बूट फिरवून फिरवून बघताना मला इतकं बरं वाटलं, की तसं लग्नातही वाटलं नव्हतं. हे बायकोला मी कधी सांगितलं नाही. तिला ते माहीत आहे.

तोवर पाऊस चांगलाच लागला होता. दादाने बूट घातले. आमच्या सगळ्या भावकीत बूट घालणारा तो पहिला माणूस. चाळीतली पोरं मागे मागे फिरली, आणि मुकादमाने बूट हातात घेऊन वाकवून बघितला. संध्याकाळी मी मुद्दाम चाळीत गेलो. दादाने बूट उतरवला, पट्टीवर हात ठेवला आणि म्हणाला, "ओलं हाय रं."

"कुटं ओलं?"

"आतून. समदंच."

बूट दुकानात आणला. नाडीच्या फटीसकट वरचं तोंड ट्यूबच्या तुकड्याने बांधून टाकलं, पंपाने हवा भरली आणि टबात बुडवला. टबाशी नाक टेकवून बसलो. एक बुडबुडा नाही. पुन्हा बुडवला, पिळला, दाबला. नाही. मी बुटाकडे बघत राहिलो आणि माझा टबावरचा विश्वास पहिल्यांदा डळमळला. हवा बाहेर जात नाही आणि पाणी मात्र आत येतं, हे कसं?

दुसरा उपाय केला. चुलीतली कोरडी राख चाळून बुटात पसरली आणि बूट दिवसभर पाण्यात उभा ठेवला. गळत असेल तिथं राख काळी पडेल, असा हिशोब. संध्याकाळी राख फुंकली तर उडून नाकात गेली. इतकी कोरडी. आणि तोच बूट घालून दादा फिरून आला की पट्टी पिळून काढावी अशी.

मग मी ठरवलं की पाणी वरून येत असणार. पाऊस पोटरीवरून ओघळून बुटात उतरतो, चामडंही थोडं पाणी पितं. झालं, मी ट्यूबचं रबर मोज्यासारखं आतून पार पोटरीपर्यंत चढवलं आणि परातीला जोडून शेकून टाकलं. वरून रबराचा पट्टा आवळला. त्या संध्याकाळी दादाने पाय काढला तेव्हा चप्प असा आवाज झाला. आधीपेक्षा जास्त ओलं. मी आणखी एक थर चढवला. आणखी जास्त ओलं. बूट जितका घट्ट तितकं आत पाणी जास्त, हे माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं, आणि दर वेळी मला त्याचा एकच अर्थ सुचायचा: अजून घट्ट पाहिजे.

माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. मोटारीचं काम करताना मी बुटाचा विचार करायचो. एका गिऱ्हाइकाच्या चांगल्या ट्यूबला पॅच लावला आणि फुटकी तशीच चढवून दिली. तो घाटातून शिव्या देत परत आला. घरी ताटावर बसलो की भाकरी मोडून तशीच ठेवायचो. बायकोचं माहेर लोहगडवाडीचं. तिथल्या माणसांना प्रत्येक गोष्टीचं काहीतरी कारण ठाऊक असतं. ती म्हणाली, "आवं, रबार रडत आसंल. झाडाचा चीक ना त्यो? पाऊस लागला की झाडाला पाझर फुटतोच की."

मी तिच्यावर खेकसलो. पण दुसऱ्या दिवशी दुकानात कोणी नाही असं बघून रबराचा एक तुकडा कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवला आणि तो रडतो का ते बघितलं. नाही रडला.

आणि मग एका संध्याकाळी दादा म्हणाला, "कोरडा हाय."

"खरं?"

"तर! आज थेंब न्हाई. जमलं तुला."

पट्टी त्याने आधीच बदलली होती, नवी पांढरी पट्टी बांधून बसला होता. मी बूट आतून चाचपला. खरंच कोरडा होता. नेमका कोणत्या थराने फरक पडला ते मला कळेना, कारण त्या खेपेला मी फारसं काही केलंच नव्हतं, नुसता पट्टा बदलला होता. पण जमलेल्या गोष्टीला कोण उगाच का म्हणून विचारतो? मी घरी जाऊन पोटभर जेवलो. पुढे रोज विचारलं, आणि रोज तेच उत्तर आलं. कोरडा हाय. बेस हाय. मग माझं विचारणंही कमी झालं. लावणी सुरू होती, दुकान होतं, आणि बूट पास झाला होता.

बुटाचा बोभाटा झाला. आमच्या भागातल्या पोस्टमनने तसाच जोड मागितला. त्याला टपाल घेऊन बंगल्याबंगल्यांतून फिरावं लागायचं. मी मोठ्या तोऱ्यात करून दिला. चारच दिवसांत तो जोड माझ्या टबाच्या कडेवर आदळला.

"आतून ओला होतो," पोस्टमन म्हणाला.

"शक्यच नाही. तुम्हाला घालता येत नाही."

"बूट घालायला काय शिकवणी लावायची काय? मी पाण्यात पायसुद्धा घातला नाही, तरी ओला!"

"मग तुमच्या पायात काहीतरी खोट असेल," मी म्हणालो. रागाच्या भरात मी जे बोलतो त्यातलं एखादं वाक्य खरं निघतं, पण ते मला तेव्हा कळत नाही.

तो गेला. मी त्या जोडाकडे डोळे फाडून बघत बसलो. दादाचा कोरडा, याचा ओला. रबर तेच, हात तोच, टब तोच. तेव्हा कुठं मला सुचलं की आपण स्वतः घालून बघावा. इतके दिवस हे सुचलंच नव्हतं. माझ्या लेखी बूट ही दुसऱ्यांच्या पायातली वस्तू होती.

श्रावण लागला होता, पावसाने उघडीप दिली होती. तो जोड आतून पुसून, वाळवून मी घरी आणला. उजवा बूट मी घातला, आणि बायको हसत होती म्हणून चिडून डावा तिला घालायला लावला. दोघं एकेका पायात बूट घालून कोरड्या ओट्यावर बसलो. तिने तिथंच तांदूळ निवडायला घेतले. येणारे जाणारे बघून पुढे जात होते. ऊन होतं. पाण्याचा कुठं संबंधच नव्हता. तांदूळ निवडून झाले, उन्हं कलली, आणि आम्ही बूट काढले.

दोन्ही ओले.

बायको आपल्या पायाकडे बघत राहिली. "ह्ये कुटनं आलं?" ती म्हणाली. आता तिलाही हसू येत नव्हतं. मी बुटात बोट फिरवलं. व्हॉल्व्ह तपासताना बोट जिभेला लावायची मला सवय, त्या सवयीने बोट जिभेवर गेलं.

खारट होतं.

लोणावळ्याचा पाऊस मी लहानपणापासून प्यायलेला माणूस. तो खारट नसतो. मी पुन्हा चाखलं. मग बायकोला म्हणालो, "घाम हाय."

"कुणाचा?"

"पायाचा."

"पायाला कुटं घाम येतो?" ती म्हणाली. आणि तिचं काही चुकलं नव्हतं. कपाळाला घाम येतो, पाठीला येतो, काखेत येतो, हे आम्हाला माहीत होतं. पण अनवाणी पायाचा घाम कोणी बघितला होता? तो येतो आणि वाऱ्याबरोबर जातो. उभ्या कुसगावात पायाला घाम येतो हे ठाऊक असलेला एक माणूस नव्हता. इतक्या पिढ्या आम्ही चालत होतो आणि आमच्याच पायांची ही गोष्ट आम्हाला माहीत नव्हती. मी टबात जे पाणी शोधत होतो ते बाहेरचं नव्हतंच.

आधी मला हसू आलं. कोडं सुटलं म्हणून खरंच आनंद झाला. आणि मग दादाचा बूट आठवला. पोस्टमनचा पाय ओला होतो, माझा होतो, बायकोचा होतो. मग त्याचा तेवढा कोरडा कसा?

मी तसाच निघालो. चाळीत पोहोचलो तेव्हा दादा नुकताच कामावरून आला होता आणि दाराशी बसून बूट उतरवत होता. मला बघितल्यावर त्याने हात थांबवला.

"काढ," मी म्हणालो.

"चा घे आदी."

"दादा, काढ."

त्याने काढला. वास मला उंबऱ्याच्या बाहेरूनच आला. वहिनी आतून आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. पाय पांढराफटक, भिजलेल्या पोह्यांसारखा फुगलेला होता. पट्टी सोडली तर आतला अंगठा काळा. चुलीच्या बाजूला दोरीवर फडकी वाळत होती, पुष्कळ. ती कशासाठी होती ते मला तेव्हा कळलं. मी यायच्या वेळेआधी तो बूट पुसून, शेकून ठेवायचा आणि पट्टी बदलून बसायचा.

"कोरडा म्हणत हुतास की तू!"

दादा पट्टीची टोकं पुन्हा जुळवायला लागला.

"का खोटं सांगितलंस?"

"भावजी, तुमी जेवायचं सोडलं हुतं," वहिनीच म्हणाली. "जाऊबाय सांगत आल्त्या. ह्ये म्हनले, त्याचा बूट गळतोय त्ये आता त्याला सांगू नगं. त्येला लय लागतं."

"बूट गळत न्हाई!" मी ओरडलो. अशा वेळी माझ्या तोंडून हेच बाहेर पडलं. "बूट गळत न्हाई, दादा. तुझाच घाम हाय त्यो. मी त्यो आत कोंडून ठेवलाय."

त्याने माझ्याकडे बघितलं. आपण इतके दिवस भावाची जी चूक झाकत होतो ती चूक झालीच नव्हती, हे ऐकून माणसाला बरं वाटावं की वाईट?

"म्हंजे गळत न्हाई?" त्याने सावकाश विचारलं.

"न्हाई."

"मंग चांगलाच झालाय की," तो म्हणाला.

मला रडू आलं. मोठ्याने रडलो, चाळीतल्या लोकांसमोर.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी अंगठा काढला. पाय वाचला, आणि थोडे आणखी दिवस गेले असते तर तोही वाचला नसता, असं त्यांनी सांगितलं. हे कशाने झालं, असं त्यांनी विचारलं तेव्हा दादाने माझ्या आधी उत्तर दिलं. म्हणाला, "पावसानं." आणि वर त्यांना ऐकवलं की बूट माझ्या भावाने केलाय, त्यात बाहेरून थेंब जात नाही. डॉक्टरांनी बूट हातात घेऊन बघितला आणि तळवा उत्तम आहे म्हणाले. ते असं का म्हणाले कोण जाणे. मी तिथून बाहेर येऊन उभा राहिलो.

पोस्टमनचा जोड मी कोयत्याने कापून टाकला. दादाच्या जोडाला मात्र त्याने मला हात लावू दिला नाही. पुढे बरेच दिवस दुकानात कोणी बूट हा शब्द काढला तरी मी अंगावर जायचो. टबात ट्यूब बुडवली आणि बुडबुडा दिसला नाही, की ठीक आहे असं म्हणायला जीभ उचलायची नाही. पूर्वी बुडबुडा नाही म्हणजे काम झालं, इतकं सोपं होतं सगळं. गिऱ्हाईक विचारायचं, झालं का? मी म्हणायचो, बहुतेक.

पुढचा उन्हाळा अर्ध्यावर आला असताना दादा दुकानात आला. जखम भरल्यावर डॉक्टरांनी फिट ठरवलं, म्हणून नोकरी टिकली होती. उन्हाळाभर तो साध्या वहाणेने काम निभावत होता. येऊन टबाच्या कडेला टेकला.

"पावसाळा जवळ आला," तो म्हणाला.

मी कानस घासत राहिलो.

"अनवाणी न्हाई जमायचं आता. ओल्या स्लीपरला पाय धरायला अंगठा लागतो. परवा पुलावर नुसत्या दवानं सरकलो. बूट पायजे मला."

"दुसऱ्या कुणाकडनं घे."

"तुझा तळवा घसरत न्हाई."

"दादा, कसा करायचा त्ये मला ठाऊक न्हाई," मी म्हणालो, आणि ते अगदी खरं होतं. "बंद केला तर आतलं पाणी भायेर जात न्हाई. भोकं पाडली तर भायेरचं आत येतं. दोन्ही कसं करू? माझी मती चालत न्हाई."

"माजीबी न्हाई चालत. पर ह्या खेपेला ओलं लागलं तर ओलं सांगीन. तू जेव, न्हाईतर नगं जेवू."

त्याने वहाण काढली आणि उजवा पाय माझ्यासमोर फळीवर ठेवला. मी शेजारचा जुना कागद त्याच्या पायाखाली सरकवला आणि पेन्सिल घेऊन टाचेपासून आखायला लागलो. करंगळीवरून आलो, बोटं झाली, आणि अंगठा असायचा तिथं पेन्सिल येऊन थांबली. तिथून सरळ रेघ मारून बूट आखूड करायचा, की नसलेल्या अंगठ्यालाही धरून चालायचं, ते मला कळेना. मी वर बघितलं.

दादा वाकून कागदाकडे बघत होता. "सोड जागा तेवढी," तो म्हणाला. "वारा ऱ्हाईल आत."

मी जागा सोडली आणि टाचेपर्यंत रेघ पुरी केली.